ओढणे आणि आवरणे

इंग्लंडात लोक लहान मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड, जोडून सुटीला जातात. तेथे नवशिक्याला सल्ला देतात, की भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. इंजिन जास्तही ओढील. पण उतारावर मागचा बोजा हेलकावू लागला, की तोच मोटारीला फरफटवतो. शिवाय चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसे बसवायला कायद्याने बंदी आहे.

हे वाचले आणि मला आमचे बिऱ्हाड आठवले. माझे आईवडील बीडहून ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या आणि त्यांवर आम्ही भावंडे! वजनाचे विचारले, तर मुकादम म्हणे, “ट्रॅक्टर ओढतोय ना?” घाटाच्या उताराला आई आम्हाला घट्ट धरून बसे.

मित्रहो, ओढता येते म्हणून लादावे काय? माल नेण्याच्या ट्रॉलीत माणसे बसवू नयेत, हा नियम आपल्याकडेही आहे. सुटीच्या बिऱ्हाडाला जो हिशेब लावतात, तो पोटासाठी निघालेल्या बिऱ्हाडाला का नको? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून हे विचारणे माझ्याकडेच आले.