चिखलदऱ्यात आधी पाण्याचा हिशोब, मग बांधकाम



विदर्भातल्या या एकमेव थंड हवेच्या ठिकाणी सध्या विकासाची मोठी घाई चालली आहे. चिखलदऱ्यासह शहापूर, मोथा, आलाडोह, लवादा या गावांचे नियोजन सिडकोकडे आहे. स्कायवॉकची चर्चा तर घरोघरी होते. पण हॉटेलांच्या नव्या खोल्यांना पाणी कुठून आणणार, हे कोणी बोलत नाही. पाऊस इथे भरपूर पडतो. मात्र खाली काळा पाषाण आणि उतार तीव्र, त्यामुळे चंद्रभागा आणि सापन नद्यांतून ते पाणी अचलपूर-परतवाड्याकडे निघून जाते. याच तालुक्यातल्या खडीमलमध्ये उन्हाळ्यात टँकर विहिरीत रिकामा होतो आणि काठावर दाटीवाटीने उभ्या बाया दोर-बादलीने ते गढूळ पाणी शेंदतात. म्हणून माझी मागणी एकच: मे महिन्यात तलावांत जेवढे पाणी उरते, त्यातून गावांचा वाटा आधी वजा करावा आणि उरेल तेवढ्यावरच हॉटेल-रिसॉर्टांना परवानगी द्यावी.

यावर पहिला आक्षेप रोजगाराचा, आणि तो खराच आहे. होळी झाली की इथली कोरकू आदिवासी कुटुंबे कामासाठी मुलुख सोडतात; त्यांना गावातच काम मिळायला हवे. पण नळ कोरडे पडल्यावर आधी रोजंदारीच बंद होते. २०१८ च्या मे महिन्यात सिमल्यात पाणी संपले, तेव्हा पर्यटकांना येऊ नका म्हणून सांगण्याची पाळी आली होती. निर्बंधांनी पर्यटन बुडते, हेही पटत नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाले. गर्दी काही आटली नाही. राहिला खालच्या धरणातून पाणी उचलण्याचा मार्ग. ते शेकडो मीटर वर चढवायचे, त्याचे वीजबिल पाचेक हजार वस्तीच्या नगर परिषदेने वर्षानुवर्षे भरायचे, आणि पाणी मात्र पायथ्याच्या संत्रा बागायतदारांच्या तोंडचे काढायचे! याला नियोजन कसे म्हणावे?

चिखलदरा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यात लहान जलसाठ्यांच्या नियोजनाची जबाबदारी पंचायतींवर सोपवण्याची तरतूद आहे. सिडको आणि नगर परिषदेने पुढचा एकही लेआउट मंजूर करण्याआधी मागच्या उन्हाळ्यांतल्या साठ्याचे आकडे मोथा, शहापूर, आलाडोह आणि लवादा इथल्या ग्रामसभांपुढे ठेवावेत, आणि ते कोरकूतही समजावून सांगावेत.

– एक वाचक, चिखलदरा