कीर्द-खतावणी कोणाच्या घरी?

आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नाण्यांच्या आणि केरसुणीच्या शेजारी वहीही मांडली जाते, आणि तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ रेखून व्यापाराचा नवा हिशेब सुरू होतो. परंपरेने या हिशेबाची दोन अंगे असत: रोजचा जमाखर्च ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने टिपायची ती कीर्द, आणि त्या नोंदी माणसागणिक खाते पाडून उतरवायची ती खतावणी. पेढीचा खरा ऐवज तिजोरीपेक्षा खतावणीत असे, कारण गिऱ्हाईक कोण, राहते कोठे, काय नेते आणि पैसे कधी देते हे सारे तिच्यातच असे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही खतावणी फारसा गाजावाजा न होता असंख्य व्यवसायांच्या हातून दुसऱ्याच्या घरी गेली आहे. खानावळीकडे मागणी येते ती घरपोच सेवेच्या ॲपवरून, पैसे जमा होतात ते दुसऱ्या ॲपमधून, आणि गिऱ्हाइकाशी बोलणे होते ते तिसऱ्यावर. विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देणारी, मात्र त्या गाठभेटीचे नियम स्वतःच ठरवणारी व हवे तेव्हा बदलणारी जी यंत्रणा, तिला ‘त्रयस्थ मंच’ म्हणता येईल. बाजारात तिला सरळ प्लॅटफॉर्मच म्हणतात.

दुसऱ्याच्या यंत्रणेवर विसंबणे ही काही नवी गोष्ट नव्हे, आणि दिवाळी अंकाने तरी तिला नावे ठेवू नयेत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, आणि पुढे ती गावोगाव पोहोचली ती टपालखात्याच्या खांद्यावर बसून. पोस्टमनने आधी पैसे घ्यायचे, मग पुडके हाती द्यायचे आणि ती रक्कम पाठवणाऱ्याकडे पोहोचती करायची, ही व्ही.पी.ची पद्धत नसती तर कित्येक मासिकांना आपल्या शहराची वेसही ओलांडता आली नसती. परंतु टपालखाते आपले हशील घेऊन बाजूला होई. वर्गणीदाराचे नाव, गाव आणि तालुका संपादकाच्या कचेरीतील वहीतच राही. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण याच जातीचे आहे. १८९० पासून चाललेला हा धंदा लोकलगाडीशिवाय एक दिवसही चालत नाही, म्हणून मार्च २०२० मध्ये गाड्या थांबताच तोही थांबला; तरीही कोणता डबा कोणत्या दारातून उचलायचा हे ज्ञान रेल्वेकडे कधीच नव्हते, ते डबेवाल्याकडेच होते. (कचेऱ्याच घरी गेल्यामुळे पुढे पुष्कळ गिऱ्हाइके परतली नाहीत ही गोष्ट वेगळी, पण ती रेल्वेने पळवली नाहीत.)

याच मार्च महिन्यात परावलंबनाचा दुसरा नमुना पाहायला मिळाला, आणि तो तपशिलाने पाहण्याजोगा आहे. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घालून ठेवीदारांना ५०,००० रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा ठेवली, आणि फोनपे या देशातील अग्रगण्य देयक-ॲपचे व्यवहार ठप्प झाले. यूपीआयमध्ये ॲप ही स्वतः बँक नसते. तिला या जाळ्यात शिरण्यासाठी एखाद्या बँकेचे दार लागते, आणि फोनपेचे दार येस बँक हेच होते. ग्राहकाच्या यूपीआय पत्त्याच्या शेपटाला जी ‘वायबीएल’ अशी तीन अक्षरे दिसत, ती येस बँक लिमिटेडचीच आद्याक्षरे होत. म्हणजे हे अवलंबित्व दुकानोदुकानी पत्त्यातच उघड छापलेले होते आणि तरीही ते कोणाच्या डोळ्यांत भरले नव्हते. साधारण दिवसभरात फोनपेने आयसीआयसीआय बँकेच्या दारातून व्यवहार पुन्हा सुरू केले, आणि पुढे ॲक्सिस बँकही जोडून घेतली. दार इतक्या लवकर बदलता आले याची कारणे दोन. यूपीआयचे नियम कोणा एका बँकेचे नसून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सर्वांसाठी सारखे केलेले आहेत, आणि ग्राहकांची खतावणी येस बँकेकडे नसून फोनपेकडेच होती.

छोट्या खाद्यविक्रेत्याला या दोहोंपैकी एकही सोय नसते. घरपोच सेवेच्या ॲपवरून आलेल्या मागणीबरोबर ग्राहकाचा खरा दूरध्वनी क्रमांक आपल्याला मिळत नाही, ही उपाहारगृहांची तक्रार जुनी आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ही आणि कमिशनची गाऱ्हाणी भारतीय स्पर्धा आयोगापुढे मांडल्यावर आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. एकाच घरी वर्षभर चकल्या पोहोचवूनही त्या घराचे नाव ठाऊक नसणे, ही स्थिती उधारीच्या वहीच्या काळातील वाण्याला समजावून सांगणेसुद्धा अवघड गेले असते.

मंचाशी भांडण झाले तरच धोका संभवतो, असेही नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील कलावंतांनी जमवलेले लाखोंचे चाहते एका रात्रीत दिसेनासे झाले, कारण चाहत्यांची यादी टिकटॉकची होती, कलावंताची नव्हे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीच्या ईमेलसह काही सेवा थांबवल्या. परवान्यांचे पैसे आपण पूर्ण भरले आहेत, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पूर्ववत झाल्या. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याला वकील परवडतो.

मराठी प्रकाशनव्यवसायाने याच चुकीची किंमत अधिक संथपणे मोजली आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, १९९१ पासून जागा आहे. तरीही छापखान्यांची अक्षरजुळणी त्यानंतर कितीतरी वर्षे खाजगी फॉन्टांवरच चालली, आणि प्रत्येक फॉन्टकंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती. त्यामुळे जुन्या अंकाची सीडी आज उघडली आणि तो फॉन्ट संगणकावर नसला, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, टिंबे आणि कंस यांची रांग उमटते. मजकूर लेखकाचा, कागद प्रकाशकाचा, पण वाचण्याची किल्ली तिसऱ्याकडे, असा हा व्यवहार होता, आणि तो करताना करारावर सहीसुद्धा झालेली नव्हती.

यावर मंच सोडून देण्याचा सल्ला मात्र हास्यास्पद ठरेल. स्वयंपाकघरातून अनारसे-करंज्या विकणाऱ्या गृहिणीला परगावचे गिऱ्हाईक या ॲपनीच मिळवून दिले आहे, आणि त्याबद्दल कमिशन देणे न्याय्यच आहे. विचारायचे ते एवढेच, की उद्या सकाळी हे दार बंद झाले तर किती विक्री जाईल आणि किती गिऱ्हाइकांना स्वतः फोन करता येईल. पहिला आकडा मोठा आणि दुसरा शून्य असेल, तर दुसरे दार आजच उघडावे लागते, आणि ते नुसते नोंदवून ठेवून भागत नाही. त्यातून अधूनमधून खरी मागणी जाऊ द्यावी लागते, कारण गंजलेली कडी ऐनवेळी निघत नाही. करारात पूर्वसूचनेची मुदत किती, आणि आपल्या नोंदी आपल्याला उतरवून घेता येतात का, ही दोन कलमे कमिशनच्या टक्क्याआधी वाचावीत. फराळाच्या डब्यात स्वतःच्या क्रमांकाची चिठ्ठी घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय, पण काही मंच अशा चिठ्ठीलाही मनाई करतात. ती मनाई वाचली की खतावणीचे मोल मंचाला किती अचूक कळले आहे हे ध्यानात येते. ग्राहकाचे नाव टिपून ठेवायचे तर त्याची संमती घ्यावी, हे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे सूत्र आहे, आणि दारात उभ्या गिऱ्हाइकाला तसे विचारण्यात अवघड काहीच नाही.

अलीकडे पुष्कळ पेढ्यांवर वहीच्या जागी लॅपटॉप मांडून त्यालाच हळदकुंकू वाहतात. आदल्या दुपारी, झाडलोट आटोपल्यावर आणि पाट मांडण्याआधी, प्रत्येक ॲपमधून वर्षभराच्या नोंदी त्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायला तासभर पुरतो.