बेला गुटमानचा शाप नावाची भाकडकथा

बेनफिकाचा संघ युरोपीय अंतिम सामन्यात हरला, की बेला गुटमानच्या शापाची आठवण हमखास निघते. १९६२ मध्ये लिस्बनच्या या क्लबाला लागोपाठ दुसऱ्यांदा युरोपीय चषक जिंकून दिल्यावर प्रशिक्षक गुटमानने वेतनवाढ मागितली, संचालकांनी ती नाकारली आणि पुढची शंभर वर्षे बेनफिका युरोपात जिंकणार नाही असा शाप देऊन तो निघून गेला, अशी ही कथा. नंतरच्या अंतिम सामन्यांतले आठ पराभव पुरावा म्हणून पुढे केले जातात.

मग शाप देऊन गेलेल्या याच माणसाला १९६५ मध्ये बेनफिकाने पुन्हा प्रशिक्षक म्हणून का बोलावले? कथेकरी एवढे मात्र सोयीस्करपणे गाळतात. तिसरा हंगाम प्रशिक्षकाला घातक ठरतो, हे गुटमानचे मत प्रसिद्ध होते. तिसऱ्या हंगामाअखेर त्याने क्लब सोडण्यात गूढ ते काय?

पराभवांची कारणेही अगदी लौकिक आहेत. १९६३ मध्ये वेम्बलीवर मिलानविरुद्ध कोलुना जायबंदी झाला आणि तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती. १९६५ चा सामना इंटरच्या स्वतःच्या मैदानावर, सान सिरोवर झाला. १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडशी गाठ पडली, तीही इंग्लंडमध्येच. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात हरायला शाप कशाला हवा?

ही भाकडकथा निरुपद्रवी नाही. तिने माणूसच गिळला आहे. १८९९ मध्ये बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला गुटमान आधी एमटीकेकडून खेळला, मग व्हिएन्नाच्या हाकोआ या ज्यू क्लबाकडून; १९२५ मध्ये हाकोआने ऑस्ट्रियाचे विजेतेपद पटकावले. प्रशिक्षक झाल्यावर १९३९ मध्ये त्याने उयपेश्टला हंगेरीचे विजेतेपद मिळवून दिले. पाचच वर्षांनी त्याच देशात तो आधी एका माळ्यावर लपून बसला होता आणि नंतर वेठबिगारीच्या छावणीत होता. वडील आणि बहीण आउश्विट्झमध्ये मारले गेले. डिसेंबर १९४४ मध्ये तो छावणीतून निसटला. सोबत होता एर्नो एर्बस्टाइन, जो पुढे तोरिनोचा प्रशिक्षक झाला.

१९९० च्या अंतिम सामन्यापूर्वी युसेबियोने व्हिएन्नातील गुटमानच्या कबरीपाशी प्रार्थना केली, हे फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ असते. १९४४ ची ही हकीकत किती जणांना ठाऊक आहे?

३१ मे १९६१ रोजी बर्नमध्ये बार्सिलोनाला ३-२ असे हरवून बेनफिकाने पहिला युरोपीय चषक उचलला. गुटमानच्या पलायनाला तेव्हा जेमतेम साडेसोळा वर्षे झाली होती.