थंडीची गोष्ट मुलांना लिहू द्या

आज २४ डिसेंबर, साने गुरुजींची जयंती. १८९९ साली याच दिवशी कोकणातल्या पालगडला त्यांचा जन्म झाला. शाळाशाळांतून आज प्रतिमेला हार घातला जाईल, ‘श्यामची आई’तला एखादा प्रसंग वाचला जाईल, आणि ते योग्यच आहे. पण गुरुजींच्या कामातली एक मोलाची गोष्ट या दिवशी मागे राहते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि तिथल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढत. ‘श्यामची आई’ही त्यांनी थंडी सरता सरताच लिहिली, १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ या पाच दिवसांत. मुलांसाठी लिहिणाऱ्या या माणसाच्या जयंतीला आम्हाला मुलांच्या वह्यांविषयी बोलायचे आहे.

‘हिवाळ्यातील एक सकाळ’ हा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी लिहिला आहे. त्यात दवबिंदू मोत्यांसारखे चमकतात, धुक्याची दुलई पसरते, आजोबा शेकोटीपाशी बसतात. रत्नागिरीची मुलगी हेच लिहिते आणि गोंदियाचा मुलगाही हेच लिहितो. प्रत्यक्षात एकीच्या घरी डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो आणि दुसऱ्याला सकाळी आंघोळीच्या नावाने रडू येते. दोघांचे खरे अनुभव बाजूला राहतात आणि गाईडमधला हिवाळा दोन्ही वह्यांत उतरतो. दोष मुलांचा नाही. विषयच इतका ऐसपैस दिलेला असतो, की मूल आधाराला ओळखीची वाक्ये शोधते.

याउलट प्रश्न लहान आणि थोडा खोडकर असला, की तेच मूल लिहायला बसते. खोबरेल तेलाचे बघा. पारा २४ अंशांच्या खाली उतरू लागला, की बाटलीतले तेल घट्ट होते आणि आई बाटली उन्हात ठेवते. मुलाला विचारा : उन्हात जागे झालेले तेल पहिल्यांदा काय म्हणाले? किंवा गोधडीतल्या प्रत्येक तुकड्याला बोलू द्या. एक आजीचे लुगडे होता, एक बाबांचा शर्ट, एक ताईचा फ्रॉक. रात्री सगळे झोपल्यावर त्यांच्यात भांडण कशावरून लागले? पट्टकादंब पक्षी हिमालय ओलांडून जायकवाडीच्या पाण्यावर उतरतात. तिथल्या गावठी बगळ्याने त्या पाहुण्याला काय विचारले असेल? संक्रांत तीन आठवड्यांवर आली आहे आणि तिळाने गुळाशी बोलणे टाकले आहे. समेट कोण घडवून आणणार? पारा घसरला, की निफाडच्या द्राक्षबागांत घड वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. त्या रात्री घड आपापसांत काय कुजबुजतात, हे तिथल्या शेतकऱ्याच्या लेकीइतके कोण सांगू शकेल?

अशा प्रश्नाचे तयार उत्तर कुठल्याच पुस्तकात नसते, म्हणून मुलाला आपल्याच घरात, अंगणात, आठवणीत डोकवावे लागते. इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी १९७३ साली कल्पनाशक्तीच्या व्याकरणावर एक पुस्तकच लिहिले. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, शेजारी ठेवले की गोष्ट सुरू होते, ही त्यांची रीत. आपल्याकडे कानटोपी आणि एसटी घ्या, हुरडा आणि चंद्र घ्या. दोन शब्द द्यायला पैसे लागत नाहीत, की इंटरनेट लागत नाही.

आता पालकांच्या हाती हिवाळ्यासाठी छापील कृतिपत्रिका येतात आणि त्यांत बहुधा हिममानव असतो. शिकागो किंवा टोरांटोत वाढणाऱ्या, शनिवार-रविवारी मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाचा तो सोबतीच आहे; त्याने बर्फावर जरूर लिहावे आणि मराठीत लिहावे, आपल्या भाषेला ते हवेच आहे. पण बीड जिल्ह्यातून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाचा हिवाळा कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत जातो. पहाटे बैलगाडीवर तो काय बघतो, पाचटाच्या जाळावर हात शेकताना त्याच्या मनात काय येते, हे आपल्या मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. त्याला हिममानव रंगवायला देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या हिवाळ्यालाही खट्याळ प्रश्न विचारता येतो : कोपीत शिरलेल्या थंडीला तू कशी हाकलशील? आम्हाला ही मुले दयेचा विषय म्हणून वहीत नको आहेत; ती लेखक म्हणून हवी आहेत.

मोठ्यांनी मात्र एक पथ्य पाळायला हवे. पहिल्या लेखनावर लाल पेन चालवू नका. ऱ्हस्व-दीर्घ नंतर, निवांत दुसऱ्या दिवशी बघता येते. आज फक्त ‘मग पुढे काय झाले?’ एवढेच विचारा. मूल अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत, कोरकूत लिहीत असेल तर तसेच लिहू द्या. ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याने सांगावे आणि ताईने, आजोबांनी, बाईंनी त्याचे शब्द न बदलता उतरवून घ्यावेत. गुण तर देऊच नयेत. तेल उन्हात जागे होऊन जे बोलले, त्याला दहापैकी किती, हे कोणी ठरवायचे?

शिक्षकांना आणि पालकांना आमची विनंती आहे. आजपासून संक्रांतीपर्यंत आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलांना असा एक प्रश्न द्या. जे लिहून होईल ते वर्गात, घरात मोठ्याने वाचायला लावा आणि शेवटी सगळी पाने दोऱ्याने शिवून शाळेचे हस्तलिखित करा. त्यात प्रत्येक मुलाचे एक तरी पान असू द्या आणि ते शाळेच्या वाचनालयात, इतर पुस्तकांच्या रांगेत ठेवा.