कळण्याची भाकरी रोजच्या पानात हवी

करोनाच्या साथीपासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणत चूर्णं, काढे आणि गोळ्या विकणाऱ्या जाहिराती सुरू आहेत. पण प्रतिकारशक्ती नुसती वाढून भागत नाही, कुठे थांबायचं हेही तिला कळावं लागतं. संधिवातात किंवा आतड्याच्या जुनाट दाहात ती आपल्याच शरीरावर उलटते. हा आवर राखण्यात अन्नातल्या तंतूंचा मोठा वाटा आहे. ते आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र ते आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराचं पोषण त्यावर होतं. २०१३ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की दाहाला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशीही त्यामुळे वाढतात. तंतू मिळेनासे झाले की काही जिवाणू अस्तरावरचा श्लेष्माचा थरच खाऊ लागतात, आणि रोगजंतूंना आतड्याच्या भिंतीपर्यंत वाट मोकळी होते.

उंदरांचं माणसाला कसं लागू, ही शंका रास्त आहे. पण २०१५ सालच्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीयांना दोन आठवडे आफ्रिकी खेड्यातलं, तंतूंनी भरलेलं जेवण दिलं. त्यांच्या आतड्यातला दाह घटला आणि ब्युटिरेटची निर्मिती वाढली. अमेरिकी जेवण खाणाऱ्या २० आफ्रिकी ग्रामस्थांत नेमकं उलट घडलं. उलट बाजूचा पुरावाही आहे. २०२१ साली स्टॅनफर्डच्या प्रयोगात तंतू वाढवूनही सगळ्यांचा दाह सारखा कमी झाला नाही. ज्यांच्या पोटात मुळात जिवाणूंची विविधता जास्त, त्यांना लाभ अधिक झाला. मला यातून एकच अर्थ निघतो: ही सवय लहानपणापासूनच हवी, आजारपण आल्यावरची धावपळ कमी पडते.

खानदेशाला त्यासाठी बाहेरून काही आणायचं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, सालासकट उडदात २०, मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. ज्वारी आणि सालाचा उडीद एकत्र दळला की कळणा झाला. गहू इथे गुन्हेगार नाही, कोंड्यासकट कणकेतही ११ ग्रॅम तंतू आहेत. घात करतो तो पाव, बिस्किटं आणि नूडल्समधला मैदा. कळण्यानं पोट फुगतं ही तक्रार खोटी नाही. म्हणून प्रमाण हळूहळू वाढवावं, पाणी भरपूर प्यावं, आणि आतड्याचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. पण भरीत पार्टीपुरती उरलेली ही भाकरी शाळेतल्या मुलांच्या ताटात आठवड्यातून दोनदा तरी यायला हवी. शंभर मुलांच्या भाकरी थापणं हे खिचडी शिजवण्याहून कितीतरी कष्टाचं काम आहे, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यासाठी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायांची संख्या आणि मानधन दोन्ही वाढवावं लागेल, आणि जिल्हा परिषदांनी त्या खर्चाची तरतूद आधी करावी.