तुरुंगाची वाट लहानपणातून जाते

चोरीची किंवा मारामारीची बातमी छापून आली की दवाखान्यातल्या बाकावर चर्चा रंगते. ‘असल्यांना जन्मभर येरवड्यात डांबले पाहिजे!’ गुन्ह्याला शिक्षा हवीच, याबद्दल माझे दुमत नाही. पण डॉक्टर म्हणून मला आणखी एक प्रश्न पडतो. हा माणूस सात-आठ वर्षांचा होता, तेव्हा त्याच्या घरात काय चालले होते?

हा प्रश्न भाबडेपणाचा नाही, वैद्यकशास्त्राचा आहे. अमेरिकेतील डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांनी १९९८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातले दारूचे व्यसन, घरातले कोणी तुरुंगात, असे चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी भोगले, त्यांच्यात व्यसने, नैराश्य व आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. २०१५ साली वेल्समधील पाहणीत तर अशा लोकांच्या वाट्याला तुरुंगवास येण्याचे प्रमाण, ज्यांना असे काहीच सोसावे लागले नाही त्यांच्या २० पट दिसले.

असे का व्हावे? रोज मार खाणाऱ्या मुलाचे शरीर सतत सावध राहते. भीतीच्या वेळी स्रवणारी संप्रेरके वारंवार वाढतात. मेंदूचा धोका ओळखणारा भाग जागा राहतो आणि ‘थांब, विचार कर’ म्हणणारा भाग मागे पडतो. मोठेपणी साध्या धक्क्यालाही हात उगारला जातो, झोप येत नाही म्हणून दारू जवळ केली जाते.

आपल्याकडे तर कायद्यानेच मुलांच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये मुले तारेच्या कुंपणाआड वाढली. १९५२ साली कायदा गेला, शिक्का मात्र राहिला. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचा, म्हणजे भूक आणि पोलिसांची भीती यांत बालपण कसे जाते ते कळेल. पण वडिलांनी त्यांना शाळेत घातले आणि पुढे ते लेखक व कार्यकर्ते झाले.

म्हणजेच, सोसलेले प्रत्येक मूल गुन्हेगार होत नाही. घरात, शाळेत किंवा शेजारी मायेचे एक माणूस भेटले तरी पुष्कळ फरक पडतो. बालपणाचे दुःख ही गुन्ह्याची सबब नव्हे. पण पुढचा गुन्हा टाळण्याची ती जागा आहे.

तेव्हा वाचकहो, सुटलेली अंथरुणात लघवी करण्याची सवय पुन्हा लागली, तपासणीत काही न निघता पोट वरचेवर दुखू लागले, मूल शाळेला घाबरू लागले किंवा कोणी हात उचलताच दचकू लागले, तर रागावू नका. डॉक्टरांना दाखवा व घरातली खरी परिस्थिती सांगा. मुलावर अत्याचार होत असल्यास १०९८ या क्रमांकावर कळवा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर मोफत सल्ला मिळतो.

आणि गल्लीत एखाद्याचा बाप तुरुंगात असेल, तर ‘चोराचा पोर’ म्हणून त्याला हिणवू नका. बापाचे तुरुंगात जाणे हाच त्याच्यावरचा एक घाव आहे. त्यावर दुसरा घाव आपण घालू नये.