व्याज जास्त, पण रांगेत नंबर मागचा. बाँड घेण्याआधी एवढं विचारा

पुसद : वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गात जमीन गेली आणि मोबदला खात्यात आला, की घरात एकच चर्चा होते. पैसा ठेवायचा कुठं? एफडीचं व्याज कमी वाटतं. मग कोणीतरी मोबाईलवर नऊ-साडेनऊ टक्क्यांचा बाँड दाखवतो, 'एफडीसारखंच आहे' म्हणतो. तिथंच विचारायचं : उद्या कंपनी बुडाली तर वसुलीच्या रांगेत आपला नंबर कितवा?

बाँड म्हणजे आपण कंपनीला दिलेलं कर्ज. पीक हातचं गेलं की आधी बँकेचा हप्ता, मग कृषी केंद्राची उधारी आणि उरलं तर पाहुण्याचे हातउसने. कंपनीतही तसंच असतं. तारणवाले पुढं, साधे कर्ज देणारे त्यांच्यामागं आणि त्यांच्याही मागं 'गौण' बाँडवाले. धोका जास्त, म्हणूनच व्याज जास्त.

बँकांचे एटी-१ बाँड याच प्रकारातले. त्यांना परतफेडीची ठरलेली तारीख नसते. बँक व्याज थांबवू शकते, वेळ आली तर मुद्दलही शून्य होतं.

यस बँकेत हेच घडलं. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले. ठेवीदारांचे पैसे वाचले, पण ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड शून्य झाले. सेबीच्या एप्रिल २०२१ च्या आदेशानुसार १,३४६ व्यक्तींनी यात ६७९ कोटी घातले होते. त्यातले १,३११ जण बँकेचेच ग्राहक. २७७ जणांनी तर मुदतीआधी एफडी मोडून ८० कोटी इकडं वळवले. सेबीनं बँकेला २५ कोटींचा दंड केला. पुढं त्याला अपिलात स्थगिती मिळाली. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये बाँड शून्य करण्याचा निर्णय रद्द केला, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्या निकालालाही स्थगिती मिळाली. म्हणजे कोर्टात जिंकूनही पैसा लगेच हातात येत नाही.

ऑक्टोबर २०२० पासून एटी-१ बाँडचा किमान व्यवहार १ कोटीचा केला गेला. त्यामुळं लहान माणसाला ते थेट घेणं अवघड झालं. पण इतर कंपन्यांचे गौण बाँड आणि फंडाचा रस्ता उरतोच.

ईटीएफ म्हणजे अनेक बाँडांची एक टोपली, डिमॅट खात्यातून शेअरसारखी घेता येणारी. एक बाँड बुडाला तरी सगळी टोपली बुडत नाही. मात्र आतले बाँड गौण असतील तर रांगेतला नंबर बदलत नाही. मार्च २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रेडिट सुईस बँकेचे असेच बाँड शून्य झाले, तेव्हा इतर बँकांच्या एटी-१ बाँडांचेही भाव पडले. आपल्याकडं सेबीनं २०२१ मध्ये फंडाच्या एका योजनेत अशा बाँडांना १० टक्क्यांची मर्यादा घातली. भारत बाँड ईटीएफमध्ये सरकारी कंपन्यांचे एएए दर्जाचे बाँड असतात. म्हणून 'ईटीएफ आहे' एवढ्यावर भागत नाही. आत काय आहे, ते पाहावं लागतं.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. बाँडला नाही, फंडाला नाही, पतसंस्थेतल्या ठेवीलाही नाही. मोबदला एकदाच मिळतो. गेलेली जमीन परत येत नाही. सही करण्याआधी कागदावर 'गौण' किंवा 'सबऑर्डिनेटेड' हा शब्द शोधा. सापडला, तर नंबर मागचा आहे, हे समजूनच पुढं जा.